ह्यांचा काटा

घड्याळ दुरुस्तीत माझा एक नियम आहे. गिऱ्हाईक जे बोलेल तेच पाकिटावर शब्दशः लिहायचं. 'मागे पडतं' म्हणाला तर मागे पडतं, 'रुसलंय' म्हणाला तर रुसलंय. आपलं शहाणपण चालवायचं नाही. तीस वर्षांत या नियमाने मला कधी दगा दिला नव्हता.

डॉक्टरीणबाई दुकानात आल्या तेव्हा मी डोळ्याला भिंग लावून बसलो होतो. भिंगातून त्यांचा फक्त अंगठा दिसला आणि मी त्याच्यावरच भाळलो. पन्नाशीच्या ब्रह्मचाऱ्याला तेवढं पुरतं. समोरच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांच्या या बायको. त्यांनी नवऱ्याचं मनगटी घड्याळ काउंटरवर ठेवलं, जरा वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्यांचा काटा काढायचाय."

मी भिंग काढलं. "कायमचा?"

"मग काय, परत बसवायला? मला आता सहन होत नाही. फक्त ओरखडा दिसायला नको कुठे."

त्या गेल्यावर मी पाकिटावर लिहिलं, 'ह्यांचा काटा काढणे'. मग ते पुन्हा एकदा वाचलं. घड्याळाचा काटा काढायला कोणी इतकं जवळ येऊन कुजबुजतं का? घड्याळ नुसतं निमित्त. बाईंना नवरा नको होता, आणि त्या कामासाठी साऱ्या गावातून त्यांनी मला निवडलं होतं. खरं सांगतो, भीतीच्या आधी मला अभिमानच वाटला. दोन दिवस मी आरशासमोर भुवया उडवत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी, घड्याळं धुवायच्या जहरी औषधाची छोटी बाटली खिशात टाकून मी दवाखाना गाठला. दाढ दुखते म्हणून थाप मारली. डॉक्टर गुबगुबीत, प्रेमळ माणूस. ते हात धुवायला वळले तेवढ्यात खुर्चीशेजारच्या त्यांच्या चहात मी बाटली रिकामी केली. मग त्यांनी माझं तोंड उघडून आत पाहिलं आणि हळहळले.

"अहो, किती दिवस अंगावर काढलंत हे? दाढ पार किडलीये."

थाप मारायला गेलो आणि दाढ खरंच किडलेली निघाली. इंजेक्शन दिलं, जीभ जड झाली, गालात कापूस कोंबला गेला. दाढ बधिर होईपर्यंत डॉक्टर गप्पा मारू लागले.

"तुम्ही घड्याळवाले ना? आमच्या हिने घड्याळ दिलंय तुमच्याकडे. सेकंदकाट्याची टिकटिक तिला सहन होत नाही. म्हटलं, काढून टाक तो काटा. मी काय सेकंद मोजून दाढा उपटतो?" स्वतःच्याच विनोदावर हसत त्यांनी कप उचलला.

माझी पाचावर धारण बसली. "आ," मी म्हणालो. "आ, आ."

"दुखतंय? दोनच मिनिटं हं."

कप ओठांपाशी गेला. इथे मला खोटं बोलायचं नाही. मी लगेच हललो नाही. बाई एकट्या पडल्या तर काय, हा विचार मी केला, अगदी सावकाश केला. तेवढ्यात डॉक्टरांनी दुसरा हात माझ्या कपाळावर ठेवला, आईने ठेवावा तसा, आणि मी लाथ झाडली. कप भिंतीवर फुटला.

"असू दे, असू दे," डॉक्टर म्हणाले, "घाबरून होतं असं." मग त्यांनी दाढ इतक्या अलगद काढली की मला रडू आलं. त्यांना वाटलं, दुखलं.

संध्याकाळी बाई घड्याळ न्यायला आल्या. काटा मी काढून ठेवला होता. घड्याळ द्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम. पण मनाला राहवेना. सुजलेल्या तोंडाने मी सगळं ओकून टाकलं, बाटली, चहा, लाथ, सगळं.

"चूक माझीच," मी म्हणालो. "आयुष्यात एकदाच गिऱ्हाईकाचं बोलणं शब्दशः घेतलं नाही. तुम्ही पोलिसांना बोलवा."

त्या ओरडतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तर दुकानाचं दार लोटलेलं होतं आणि बाई स्टूल ओढून समोर बसल्या होत्या. अर्धवट केलेलं काम हातात पडलं की गिऱ्हाईक जसं बघतं, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

"सगळं तर जमलं होतं," त्या म्हणाल्या. "मग लाथ कशाला मारलीत?"