सहाशे पायऱ्यांवरचं कुलूप

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. तुम्ही चांगल्या घरची मुलं दिसता, पण मित्रांनो, नुसत्या चेहऱ्यावरून मी कुणावर विश्वास ठेवत नाही. हात मागे ठेवा आणि लांबूनच माझी कहाणी ऐका.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. त्याने मला शंभर वेळा उघडून बंद करून पाहिलं आणि म्हणाला, "हे कुणाला दाद देणार नाही." तेवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला आलं. ते मी फार मनावर घेतलं.

पुढे शाळेच्या ग्रंथालयातल्या कपाटावर माझी नेमणूक झाली. तिथल्या ग्रंथपालबाई माझ्याहून संशयी होत्या. पुस्तक मागायला आलेलं प्रत्येक मूल त्यांना ते पळवायलाच आलंय असं वाटे. किल्ली लपवायची त्यांची एक खास रीत होती. ज्याच्यावर संशय, त्याच्याच सामानात किल्ली! शिपायावर संशय आला की त्याच्या डब्याच्या पिशवीत, चित्रकलेच्या सरांवर आला की त्यांच्या रंगपेटीत. "माणूस सगळं जग धुंडाळतो, स्वतःचं सामान नाही," असं त्या मला हळूच सांगत. तीस वर्षांत किल्ली कुणालाही सापडली नाही. एकदोनदा खुद्द बाईंनाही नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मला घरी घेऊन आल्या. मग चार वर्षं मी एका डब्यात, तुटक्या बटणांच्या संगतीत पडून होतो. कुणी तेलाचा थेंब घातला नाही. मी काळवंडलो आणि मनातून खट्टू झालो.

एके दिवशी बाईंनी मला घासूनपुसून चामड्याच्या बॅगेला लावलं. दहा दिवसांची सहल होती. जुनी शहरं, किल्ले, राजवाडे आणि शेवटी डोंगरावरचं देवस्थान. बाईंच्या खोलीत सोबतीला एक अनोळखी नर्सबाई होत्या.

पहिल्याच संध्याकाळी नर्सबाई म्हणाल्या, "माझी पिशवी ही इथे असते. कुलूपबिलूप काही नाही. काही लागलं तर बिनधास्त घ्या. तुमचं औषध कुठे असतं?"

"का हो? तुम्हाला कशाला हवंय?" बाईंनी विचारलं.

मलाही हेच विचारायचं होतं. एवढा मोकळेपणा कशासाठी? बाईंचा दम्याचा पंप माझ्याच पहाऱ्यात, बॅगेत होता. हॉटेलवाल्यांचा भरवसा नाही म्हणून बाई ती बॅग जाईल तिथे बरोबर नेत. त्यामुळे मी सारी शहरं गुडघ्याच्या उंचीवरून पाहिली. राजवाड्यांचे उंबरठे, तळ्याकाठचे दगडी घाट, आणि माझ्याजवळून जाणारे असंख्य हात. त्यातला एकही मला सरळ वाटला नाही.

एका किल्ल्याच्या दारावर माझा पूर्वज शोभेल असं भलंमोठं कुलूप होतं. गाइड सांगत होता, "सात महिने वेढा पडला होता. तोफांनी हे दार पडलं नाही. शेवटी आतल्याच माणसाने ते उघडलं."

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या. "आतलाच माणूस!"

"सात महिने, बाई," नर्सबाई म्हणाल्या. "आत लेकरं असतील. त्याने उघडलं नसतं तर उपाशी मेली असती सगळी."

ते उत्तर बाईंना आवडलं नाही. मला तर मुळीच नाही. त्या रात्री बाईंनी माझी किल्ली गुपचूप नर्सबाईंच्या पिशवीतल्या फणीच्या डब्यात, तळाशी ठेवली. मी ते पाहिलं आणि निर्धास्त झालो.

दुसऱ्या दिवशी देवस्थानाच्या सहाशे पायऱ्या होत्या. नर्सबाईंनी आपली पिशवी बसमध्येच ठेवली. बाईंनी मात्र बॅग सोडली नाही. शेवटच्या वळणावर खाली दरी, पलीकडे नदी, सगळे वा वा करत होते, आणि बाई एकदम खाली बसल्या. त्यांना श्वास घेता येईना.

"दमा आहे ना तुम्हाला? पंप बॅगेत आहे का? किल्ली कुठाय?" नर्सबाईंनी विचारलं.

बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी बोट नर्सबाईंकडेच केलं.

"माझ्याकडे? माझ्याकडे कशी असेल?"

मित्रांनो, माझ्यापासून चार बोटांवर पंप होता आणि बाईंचे ओठ निळे पडत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला उघडावंसं वाटलं. पण कुलपाला आपणहून उघडता येत नाही. मी फार घाबरलो.

नर्सबाईंनी दगड उचलला. पहिल्या तीन घावांना मी दाद दिली नाही. त्याची मला आजही लाज वाटते. चौथ्या घावाला माझी कडी वाकली आणि निसटली. पंप बाहेर आला. हळूहळू बाईंचा श्वास ताळ्यावर आला.

पण खाली उतरताना कुजबुज सुरू झाली. "बाईंनी बोट तिच्याकडेच दाखवलं ना? मग किल्ली तिनेच घेतली असणार." बसमध्ये नर्सबाईंनी आपली पिशवी सीटवर उपडी केली. फणीचा डबा उघडला आणि किल्ली टणकन खाली पडली.

सगळे नर्सबाईंकडे पाहू लागले. नर्सबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला सगळं माहीत होतं, पण माझं ऐकणार कोण? बाई गप्प राहिल्या असत्या तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं.

बाई सीट धरून उभ्या राहिल्या. "ती मी ठेवली होती," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यावर संशय होता म्हणून. ह्यांनी चोरली नाही. मी मूर्ख बाई आहे."

नर्सबाईंनी किल्ली उचलून त्यांच्या हातात दिली. "अहो, मला नुसतं सांगितलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर मी ती गळ्यात घालून वर आणली असती." मग त्यांना रडू आलं, आणि बाईंनाही.

मित्रांनो, कुलूप जरूर लावा. आम्हाला वर्षातून एकदा तेल घाला, डब्यात टाकून विसरू नका. पण किल्ली कुठे आहे हे जवळच्या एका माणसाला तरी सांगून ठेवा.

आता त्या दोघी दरवर्षी एकत्र प्रवासाला जातात. वाकड्या कडीसकट बाई मला बॅगेला अडकवतात. पंप असतो नर्सबाईंच्या पिशवीत, आणि तिला कुलूप नाही. माझा स्वभाव काही बदलला नाही. जवळून जाणाऱ्या प्रत्येक हाताकडे मी अजून संशयानेच पाहतो. फक्त आता पहारा त्या पिशवीवर करतो.