नेइसाच्या पाठीवरचं गवत

आमच्या डोंगरात बाईची किंमत तिच्या पाठीवरच्या गवतावरून करतात. उंच उतारावर कापलेलं गवत चादरीत बांधायचं, पाठीवर घ्यायचं आणि खाली गोठ्यापर्यंत आणायचं. वाटेत टेकलात तर चालतं. कमी आणलंत तर वर्षभर टोमणे. तरुणपणी मी पुरुषाइतकं आणायचे. बढाई नाही मारत, विचारा कुणालाही. म्हणजे जे जिवंत असतील त्यांना.

त्या सप्टेंबरात आमच्या माडीवर मिलानचा एक चित्रकार राहायला होता. ओलिंदो त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं सगळं हवेतलं. "आजी, तुमच्या कष्टांत देव आहे," म्हणायचा.

"असेल बाबा," मी म्हणायचे, "पण ओझ्याला कधी हात लावत नाही तो."

त्याला एक चित्र काढायचं होतं. उगवता सूर्य, समोर कडा, कड्यावर गवताचं ओझं घेतलेली बाई. ती बाई म्हणजे नुसती बाई नाही म्हणे, सगळी धरती. त्यासाठी त्याने माझी सून मागितली, नेइसा. माझा मुलगा बाल्झर तिकडे त्रिएस्तला मिठाईच्या दुकानात राबत होता, आणि नेइसाला पाचवा सरत आला होता. आधीची दोन पोटं वाया गेलेली. हे तरी टिकू दे म्हणून मी रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावत होते.

"पोटुशी आहे ती," मी बजावलं.

"म्हणूनच तर हवी! आणि खरं ओझं नकोच, आजी. चादरीत थोडा पेंढा भरू. मला फक्त आकार पाहिजे."

पहिल्या दिवशी पहाटे तो पुढे गेला. नेइसाने पेंढ्याची ती हलकी चादर एका हाताने उचलली आणि माझं टाळकंच फिरलं. कड्याखालूनच तर गावाची वाट जाते!

"अगं, लाज कशी वाटत नाही? शेजारणी खेपा करकरून मरतायत, आणि तू फुसकं ओझं घेऊन राणीसारखी उभी राहणार?"

"आत्याबाई, त्यांनीच सांगितलंय तसं."

"त्याला काय कळतंय! तो जाईल निघून. आपल्याला इथंच तोंड दाखवायचंय. जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

तिने पेंढा ओतून टाकला. मग मी माझ्या हातांनी दवानं भिजलेलं गवत दाबदाबून भरलं आणि गुडघा रोवून गाठ आवळली. याहून जड ओझी तिने आणली होती, पण चालत, टेकत. इथे जरा हलली की तो ओरडणार. ओझं घेऊन चालणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं.

नऊ दिवस ती उभी राहिली. रोज गाठ मीच मारायचे; वरून चादर, आत काय आहे ते त्याला कधी कळलं नाही. बाया खालून बघत गेल्या, एकही हसली नाही. मला बरं वाटलं. मेलीला मला बरं वाटलं!

दहाव्या दिवशी ओलिंदोच तिला उचलून घेऊन आला. त्याचा सदरा रक्ताने भरला होता. सुईण येईपर्यंत सगळं आटोपलं. मुलगा होता. माझ्या ओंजळीत मावला. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून दफनभूमीत जागा नाही. चर्चच्या वळचणीखाली पुरला, छपरावरून गळणारं पाणी तरी बाप्तिस्म्यासारखं अंगावर पडेल म्हणून.

गावाने एकच धरलं: चित्रकाराने बाईला उभी करून मूल मारलं. "अहो, पेंढाच होता!" तो ज्याला त्याला सांगत सुटला. कोण ऐकतंय? शेवटी त्याला गावातून निघायला सांगितलं. मी तोंडातून ब्र काढला नाही.

जाण्याआधी तो चित्र घेऊन स्वयंपाकघरात आला. चित्रातली बाई ताठ उभी. पाठीवर सोन्यासारखं झळाळतं ओझं, इतकं हलकं की वाऱ्याने उडेल. मागे सूर्यात एका बाळाचा पुसट चेहरा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझ्या कष्टांचा मान राहावा म्हणून, नेइसा."

नेइसाने बराच वेळ बघितलं. बाळाकडे नाही, ओझ्याकडे. "हा पेंढा आहे," ती म्हणाली. "ही मी नाही."

"पण पेंढाच होता ना?" तो कळवळून म्हणाला. "तूच सांग सगळ्यांना. पेंढाच होता ना?"

मी चुलीपाशी उभी. नेइसाने माझ्याकडे पाहिलं. आता बोल, बोल गं भवाने, असं मी स्वतःलाच म्हणत होते. पण मी चुलीत लाकूड सारत राहिले.

"हो," नेइसा म्हणाली. "पेंढाच होता. सांगते मी सगळ्यांना. माझंच पोट नाजूक."

नाताळात बाल्झर आला. त्यालाही तिने हेच सांगितलं, माझ्यादेखत. त्याने खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली.