घोड्यांच्या टापांचा प्रश्न

आमच्या घरात शनिवार-रविवारी एक सेनापती राहतो. बाकीचे दिवस तो विमा कंपनीत बसून लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो तपासतो. शनिवारी सकाळी जेवणाचं टेबल मोकळं होतं, मागे जुन्या नकाशाची चादर टांगली जाते, मी स्टँडवर मोबाइल लावते आणि आमचे हे घसा खाकरून म्हणतात, "नमस्कार, मी सेनापती." मला हसू येतं. पण हे ऐकायला हजारो माणसं बसलेली असतात, म्हणून मी ते दाबते.

गेलं वर्षभर एकच विषय चाललाय. 'तटबंदी' नावाचा कॉम्प्युटरवरचा एक खेळ आहे. जुन्या काळातलं राज्य चालवायचं, कोठारं भरायची, शेजारच्या राजाशी सोयरीक करायची, नाही जमलं तर त्याच्या शहराला वेढा घालायचा. याचा दुसरा भाग येणार येणार म्हणून कंपनी नुसती चित्रं दाखवते, बाकी अळीमिळी गुपचिळी. मग आमचे सेनापती दर आठवड्याला 'न सुटलेले प्रश्न' घेऊन बसतात. हिवाळ्यात नदी गोठणार का, सैन्य उपाशी मरणार का, राजा मेला तर राणीला गादीवर बसता येणार का. व्हिडिओखाली लोक तावातावाने भांडतात. मी एकदा म्हटलं, बेसिनचा नळ कधी दुरुस्त होणार हाही न सुटलेलाच प्रश्न आहे. तर म्हणाले, "अगं, रेकॉर्डिंग चालू आहे."

या सगळ्यात एक प्रश्न दादांचा होता. दादा म्हणजे यांचे मोठे भाऊ. खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. त्यांचं केस कापायचं दुकान होतं. सासू-सासरे लवकर गेले, त्यामुळे यांचं शिक्षण, कपडालत्ता, आमचं लग्न, सगळं दादांच्या कात्रीवर झालं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. दुकान दुसऱ्याच्या हाती दिलं आणि माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. ताट खाली नेलं की तसंच वर यायचं.

तेव्हा यांनीच त्यांना 'तटबंदी'चा पहिला भाग लावून दिला. त्यात बुद्धिबळासारखं आहे, एकदा तुमची खेळी, एकदा समोरच्याची. हवा तेवढा वेळ विचार करा, डाव्या हाताने माउस हलवा, कोणी घाई करत नाही. महिन्याभरात दादांनी अख्खं खोरं घशात घातलं. मग दाढी करायला लागले, मग जेवायला वर यायला लागले, मग मला 'काय कॅमेरामन' म्हणून चिडवायलाही लागले. यांच्या व्हिडिओखाली ते 'एकहाती' या नावाने लिहायचे. मला तर देव पावल्यासारखं झालं होतं.

आणि आता दुसऱ्या भागात म्हणे खेळ्याबिळ्या काही नाहीत. सगळी सैन्यं एकदमच धावणार, तुम्ही विचार करत बसलात तर शहर गेलं. एका हाताने माउस, दुसऱ्या हाताने कीबोर्ड, असं दोन हातांचं काम. दादा यांना म्हणाले, "बारक्या, माझं एकच विचार. मध्ये थांबवून हुकूम देता येतात का? थांबत असेल तर मला जमेल. नसेल तर आपलं संपलं." जन्मात कधी काही मागितलं नाही त्या माणसाने.

मग कंपनीचं बोलावणं आलं. आठ-दहा चॅनेलवाल्यांना त्यांच्या ऑफिसात नेऊन खेळ दाखवणार होते, आणि खेळ रचणाऱ्या मुख्य बाईंशी प्रत्येकाला थोडा वेळ बोलता येणार होतं. कॅमेऱ्याला माणूस चालेल म्हणाले, म्हणून मीही गेले. निघताना दादा जिन्यापाशी उभे राहिले आणि डाव्या हाताने यांची कॉलर नीट करत म्हणाले, "मागचे केस वाढलेत. असो. माझं विसरू नकोस."

तिथे आमचं जे कोडकौतुक झालं, ते सांगायला नको. काचेची खोली, गुबगुबीत खुर्च्या, हातात थंड पेयं. प्रत्येकाला पाठीवर नाव भरलेलं जाकीट. यांच्यावर 'सेनापती', आणि माझ्यावरही छोट्या अक्षरात 'सेनापतींच्या सौ.' एरवी अशा गोष्टीला मी नाक मुरडलं असतं. त्या दिवशी मी ते अंगात घालून बाथरूमच्या आरशात पुढून-मागून बघून आले.

आमच्या आधी एका मोठ्या चॅनेलवाल्या पोराचा नंबर होता. त्याने बाईंना विचारलं, "तुम्ही हा खेळ सोपा तर नाही ना करणार? ज्यांचे हात चालत नाहीत त्यांनी सापशिडी खेळावी." खोलीतले सगळे हसले. हेही हसले. मी कॅमेऱ्याच्या मागे होते, मला यांचं तोंड स्पष्ट दिसत होतं.

मग यांचा नंबर आला. बाई साध्या होत्या, शांत होत्या, म्हणाल्या, "विचारा ना." यांच्या खिशातल्या फोनमध्ये सगळे प्रश्न होते आणि दादांचा पहिला होता. यांनी फोन काढलाच नाही. मागे तो पोरगा भिंतीला टेकून ऐकत उभा होता. आमचे सेनापती खुर्चीत सावरून बसले आणि विचारते झाले, "घोड्यांच्या टापांचा आवाज इतका खरा कसा हो घेतलात?" बाई खूश झाल्या. टापांवरून लगामांवर गेल्या, लगामांवरून तलवारींवर, आणि वेळ संपला. मी काय करत होते? मी होते की तिथे. नुसतं म्हणायचं होतं, "अहो, दादांचं राहिलं." एवढंच. पण मधे बोललं तर बरं दिसणार नाही, असं मला वाटलं. जाकीट घातलेल्या बाईला तसंच वाटतं.

परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "ईमेल करून विचारतो." मी म्हटलं, "हो, तेच बरं."

घरी पोचलो तर दादा जिन्यातच खुर्ची टाकून बसलेले. "विचारलंस?"

"हो," हे म्हणाले.

"मग? थांबतो?"

मला अजून कळत नाही की 'नाही विचारलं' म्हणायला काय जड जात होतं. दादांनी कधी यांच्यावर साधा आवाज चढवलेला नाही. पण हे म्हणाले, "थांबतो."

दादांनी माझ्याकडे बघितलं. "काय कॅमेरामन, खरं का?"

"हो ना दादा," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर न थांबता वर जोडलं, "पण तेवढा भाग दाखवू नका म्हणालेत." आजवर यांना मी ढोंगी, फुशारकीखोर, काय काय म्हटलंय. त्या क्षणी माझ्याइतकी सराईत खोटारडी त्या जिन्यात दुसरी कोणी नव्हती.

ईमेल गेली. उत्तर आलं नाही. टापांच्या गप्पांचा व्हिडिओ मात्र आम्ही चॅनेलवर टाकला. इकडे दादांनी आनंदाच्या भरात व्हिडिओखाली लिहून टाकलं की खेळ थांबवता येतो, पक्की खबर आहे. मग कुठल्या कुठल्या लोकांनी लिहिलं. कोणाची बोटं अपघातात गेलेली. एका बाईंच्या हातांना कंप होता, त्यांनी लिहिलं, "सेनापती, आमच्यासारख्यांचं तुम्ही विचारलंत, फार बरं वाटलं." पुढच्या शनिवारी लोकांनी धोशा लावला, तेव्हा हे कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "होय, मी स्वतः विचारलंय." रेकॉर्डिंगचं बटण मीच दाबलं होतं. खालच्या मजल्यावर दादा रोज पहिल्या भागात डाव्या हाताचा सराव करत होते. यांना जिना उतरताना त्यांच्या दारावरून जायचं जिवावर यायचं.

काल कंपनीने जाहीर केलं. मोठ्ठ्या अक्षरात, भडक चित्रावर: 'आमच्या युद्धाला विश्रांती नाही.' खाली बारीक अक्षरात, खेळ मध्ये कधीही थांबवता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत लोकांनी यांची सालटी काढली. खोटारडा, फुकट जाकीट घेऊन विकला गेलेला, सगळं काही. कंप असलेल्या बाईंनी फक्त "अच्छा" एवढंच लिहिलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं. हे टेबलाशी डोकं धरून बसले होते. शेवटी म्हणाले, "लाव कॅमेरा. सांगून टाकतो, विचारलंच नव्हतं." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी नकाशाची चादरसुद्धा टांगली नाही. मोबाइल स्टँडला लावायच्या आधी एकदा व्हिडिओखाली काय चाललंय ते बघितलं.

सगळ्यात वर 'एकहाती'चं होतं.

"सेनापतीला बोलू नका. त्या दिवशी त्याने मला फोन लावून ठेवला होता. मी माझ्या कानांनी ऐकलं. बाई थांबतो म्हणाल्या होत्या. कंपनीने मागाहून बदललं."

फोनबिन कोणी कोणाला लावला नव्हता. दोन-चार अक्षरं चुकली होती. डाव्या हाताने एवढं लिहायला दादांना किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. लोक गप्प झाले होते. काही जण माफी मागत होते. एकहाती कधी खोटं बोलत नाही, असं कोणीतरी लिहिलं होतं.

मी मोबाइल यांच्यापुढे धरला. यांनी वाचलं, परत वाचलं. म्हणाले, "आता मी खरं बोललो तर दादा खोटा ठरतो."

मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. यांनी स्टँड मिटला. त्यांना कबुलीचीही सोय उरली नव्हती, आणि मला यांना नावं ठेवायची.

जेवायच्या वेळी दादा नेहमीसारखे वर आले. दाढी केलेली, शर्टाची बटणं एका हाताने लावलेली, वरचं एक चुकलेलं. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या होत्या. मी वाढलं. दादांनी दोन घास खाल्ले, पाणी प्यायले.

"बारक्या," ते म्हणाले, "घोड्यांच्या टापांचा आवाज कसा घेतला रे मग? तुझ्या व्हिडिओत बाईंचं बोलणं नीट ऐकू आलं नाही मला."

त्यांना सगळं कळलं होतं. कधी कळलं, जिन्यातच की नंतर, ते विचारायचं माझ्यात धाडस नाही.

हे मग ताटातच बघत म्हणाले, "संडास तुंबला की वापरतात ना दादा, तो रबरी पंप. तो ओल्या मातीत आपटून."

दादा हसले, अगदी मनापासून. "काय सांगतोस. संडासाचा पंप." डाव्या हाताने त्यांनी टेबलावर टप टप करून बघितलं. "चांगला प्रश्न विचारलास हो."

यांच्या हातातला घास हातातच राहिला. दादांनी त्यांच्याकडे बघितलं, मग खुर्ची थोडी सरकवून घेतली. "केस फार वाढलेत तुझे," ते म्हणाले. "उद्या दुकानात जाऊन कापून ये."