त्रिपूनचा कोंबडा आधीच आरवतो

आमच्या ग्रादिनेच गावच्या सांस्कृतिक भवनात एवढी गर्दी मी याआधी एकदाच पाहिली होती, कारखाना बंद झाल्याचं जाहीर झालं त्या दिवशी. तेव्हा लोक रडत होते. या वेळी छातीवर क्रूस काढत होते, आणि हातात मेणबत्तीऐवजी मोबाईल होते.

व्यासपीठावर त्रिपून व्हिदाक. काळा गळाबंद स्वेटर, गालाला चिकटवलेला माईक, दोन्ही तळवे उघडे. बोलण्याआधी तो थांबायचा. इतका थांबायचा की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, याला काहीतरी झालं. हाच इसम पूर्वी विमा एजंटांना ‘प्रभावी सादरीकरण’ शिकवायचा. कुठे थांबावं, कुणाच्या डोळ्यात बघावं, तळवे कधी उघडावेत. एजंट यायचे बंद झाले, तसा हा भविष्य सांगायला लागला. थांबणं तेच, तळवे तेच, फक्त माल नवा.

“मी काहीच सांगणार नाही,” तो म्हणाला. थांबला. “सांगणारा मी कोण? सांगणार तुम्ही. मोबाईलवर आपापली भिंत उघडा. मागे जा. फेब्रुवारीत जा. बाहेर बर्फ आहे, चुलीत लाकूड आहे, आणि तुम्ही माझ्या ‘कोंबडा’ पोर्टलवरचा एक लेख शेअर केलाय. ‘आमच्या नगराध्यक्षांचं यंदा काय काय पडणार?’ आठवतोय?”

सगळ्यांना आठवत होता. हसून हसून शेअर केला होता म्हणे.

“तुमचं बोट. तुमची भिंत. तारीख बघून घ्या. आता त्यावर दाबा आणि वाचा.”

माझ्या शेजारी पेर्सिदा बसली होती. आमच्या गल्लीत काय चाललंय हे गल्लीच्या आधी हिला कळतं. तिने चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचायला लागली. “‘नव्या पुलाच्या उद्घाटनाला नगराध्यक्ष फीत कापतील, तोच डावा कठडा नदीत जाईल आणि पाठोपाठ त्यांचा एक बूट.’”

पुलाचं उद्घाटन आदल्या आठवड्यात झालं होतं. कठडा गेला होता. बूटही गेला होता. सगळ्या गावाने बघितलं होतं.

“फेब्रुवारी, ग्वोझ्देन,” पेर्सिदा मला म्हणाली. “मी स्वतः टाकलाय रे. खाली तुझ्या बहिणीचा लाल बदाम आहे, हा बघ.”

“बदाम दिसतोय. तेव्हा लेख वाचला होतास का?”

“वाचल्याशिवाय टाकीन का मी?”

ही थाप होती, आणि ती एकटी पेर्सिदाच मारत नव्हती. आमच्या गावात शेअर करणं हा शेजारधर्म आहे. तुमच्या दारात कुणी राकियाचा, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचा, पेला पुढे केला तर तुम्ही नाही म्हणता का? तसंच हे. शेजारणीने काही टाकलं की तुम्ही ते पुढे ढकलायचं, खाली बदाम द्यायचा. नाही दिलात तर दुसऱ्या दिवशी बेकरीत ती तुमच्याकडे पाठ करून उभी राहते. यात वाचण्याचा संबंध कुठे आला?

‘कोंबडा’ हे त्रिपूनचं पोर्टल. त्यात सगळं असायचं. श्रोत्यांना कसं बांधून ठेवावं. खोटारडा माणूस कानांवरून कसा ओळखावा. नगराध्यक्ष आणि मेंढी यांच्यातले फरक. मथळे मात्र सगळे एका साच्यातले: ‘हे कळल्यावर तुम्ही गप्प बसूच शकणार नाही.’ मथळ्यात काहीही सांगायचं नाही, हा नियम. पुढे कळलं की सगळी मेख तिथेच होती.

मला तेव्हा कळत नव्हतं, ही लबाडी कशी केलीय ते. लबाडी आहे एवढं कळत होतं. दात ओठ खात बसलो होतो, कारण पुढच्याच रांगेत माझी थोरली बहीण लेपोसावा बसली होती, आणि सोमवारी तिचं ऑपरेशन होतं. होतं म्हणजे, तिने नाही म्हटलं नसतं तर.

ऑगस्टमध्ये तिला काखेजवळ गाठ लागली. तपासणी झाली. जिल्ह्याच्या इस्पितळाने लवकरची तारीख दिली. लवकरची तारीख देतात म्हणजे काय ते आमच्याकडे प्रत्येकाला कळतं. ती घाबरली, पण तयार झाली. आणि मग एक दिवस तिने मार्चमध्ये स्वतःच शेअर केलेला कोंबड्याचा एक लेख उघडला: ‘शरीर जे सांगतं ते डॉक्टर कधीच सांगत नाहीत.’ त्यात लिहिलं होतं, अक्रोडाच्या झाडामागच्या घरात एका बाईच्या उजव्या काखेपाशी गाठ येईल. मित्रोव्दानच्या सणापर्यंत तिला सुरी लागता कामा नये. काढा घ्यावा. काढा अर्थातच त्रिपूनकडे मिळत होता.

मित्रोव्दान नोव्हेंबरात. आम्ही सप्टेंबरात होतो.

“लेपाताई, हा भामटा आहे,” मी तिला म्हणालो.

“मार्चमध्ये मला स्वतःला माहीत नव्हतं, ग्वोझ्देन. गाठ नव्हतीच तेव्हा. त्याला कसं कळलं ते सांग, मी आत्ता बॅग भरते.”

मला सांगता येईना. भांडलो, टेबल आपटलं, तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून त्रिपूनच्या आईबापांचा उद्धार केला. तिने शांतपणे काढ्याचा पेला उचलला आणि तोंडाला लावला.

म्हणून मी भाचीला, लेपाताईच्या लेकीला, फोन केला. विश्न्या निश शहरात असते. तिचा धंदाच असले लेख लिहायचा. ‘भाषणात टाळायच्या चुका’, ‘तुमचा साहेब तुमच्यावर जळतो याची लक्षणं’, असली पन्नास ओळींची पिल्लं ती दिवसभर पाडते. मी तिला नेहमी म्हणायचो, माणसासारखं काम बघ. ती बुधवारी आली. आईच्या फोनवरचा तो लेख बघितला आणि एवढी वेडीवाकडी हसली की लेपाताई रागाने उठून अंगणात गेली.

“मामा, मी हे रोज करते.”

“काय, भविष्य सांगतेस?”

“लेख बदलते. सकाळी टाकलेला दुपारी बदलते. आकडा चुकला, मंत्री बदलला, कुणी खटला भरायची धमकी दिली की बदलायचा. वर तारीख जुनीच राहते.”

“पण तो तर हिच्या भिंतीवर आहे.”

“आईच्या भिंतीवर काय आहे? मथळा आणि फोटो. लेख तिथे नाहीच. तिने लोकांना नुसतं दार दाखवलंय. दारामागची खोली त्रिपूनची. वाटेल तेव्हा आत जाऊन तो सामान बदलतो. दारावर आईची मार्चची तारीख तशीच लटकतेय.”

मी उठलोच. “चल, आत्ता सांगू तिला.”

“सांगून कोण ऐकतं, मामा? तू एवढे दिवस काय केलंस?”

गुरुवारी विश्न्याने स्वतःचा एक लेख टाकला: ‘भाषण करताना हात कुठे ठेवावेत? सात युक्त्या.’ फोटोत एक टाय लावलेला माणूस, हात कुठे ठेवावेत हे न कळलेला. तो तिने पेर्सिदाला पाठवला. “काकू, माझा नवा लेख आहे, जरा पुढे ढकला ना.”

“अगं, ढकलते की. निशला जाऊन एवढी शिकलीस, कौतुक नको?”

कौतुक संध्याकाळपर्यंत गावभर पसरलं. बेकरीवाली, धर्मगुरूंची बायको, काफाना म्हणजे गावचं मद्यगृह चालवणारा मिलुन, सगळ्यांनी शेअर केला. पेर्सिदाने तो त्रिपूनलाही पाठवला, आणि त्रिपूननेही तो आपल्या भिंतीवर चढवला. वर लिहिलं: “जरूर वाचा. मी वर्षानुवर्षं हेच सांगतोय.”

शुक्रवारी संध्याकाळी भवन पुन्हा भरलं. त्रिपून बोलता बोलता पुलावरून चर्चच्या छपरावर आणि छपरावरून पिकावर गेला. मग त्याने विचारलं, “कुणाला काही शंका?” ही त्याची सवय. शंका कुणालाच नसायची.

“मला आहे,” विश्न्या उभी राहिली. “काल तुम्ही माझा लेख शेअर केलात, आभारी आहे. त्यातली चौथी युक्ती जरा वाचून दाखवाल का? सगळ्यांनीच उघडा. सगळ्यांकडे आहे.”

सभागृहभर माना खाली गेल्या. मिलुनचा आवाज आधी आला. तो हळू वाचूच शकत नाही. “‘चौथी युक्ती. हा लेख न वाचता पुढे ढकलणाऱ्याने दोन्ही हात जमिनीवर टेकावेत आणि गवत खावं. त्रिपून व्हिदाकने गवत आधी खावं, कारण तो ग्रादिनेचमधला सर्वात मोठा भोंदू आहे.’”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. धर्मगुरूंच्या बायकोने फोन पर्समध्ये टाकला.

त्रिपून थांबला. तळवे उघडले. “पोरी, थट्टा सोपी असते. माझे शब्द घटनेच्या आधी येतात. ते जमतं का तुला?”

“बघू या. पेर्सिदाकाकू, आज जेवायला काय केलं होतंत?”

“भरल्या मिरच्या. पण करपल्या गं खालून. फोनवर होते.”

विश्न्याने आपल्या मोबाईलवर थोडा वेळ काहीतरी टकटक केलं. “आता पान बोटाने खाली ओढा, ताजं होईल. सहावी युक्ती. वरची तारीखही वाचा, कालची आहे.”

पुन्हा मिलुन. “‘उद्या पेर्सिदाच्या भरल्या मिरच्या खालून करपतील, कारण ती फोनवर असेल.’”

पेर्सिदाने तीन बोटं जुळवून घाईघाईने क्रूस काढला आणि माझा दंड धरला. “ग्वोझ्देन, तुझ्या भाचीलाही दिसतं रे.”

माझं डोकं फिरलं. समोर उघड्यावर केलेली लबाडीसुद्धा या लोकांना साक्षात्कार वाटते. मी काही बोलणार, तेवढ्यात विश्न्या आमच्या रांगेत आली आणि आपला फोन तिने पेर्सिदाच्या हातात ठेवला.

“काकू, आता तुम्ही करा. इथे दाबा. लिहा, मनात येईल ते. झालं की हे हिरवं बटण.”

पेर्सिदा एका बोटाने लिहिते. सगळे वाट बघत बसले. ओठ हलत होते तिचे. शेवटी तिने बटण दाबलं.

“‘मिलुनच्या राकियात पाणी असतं,’” मिलुनने वाचलं, आणि त्याचा चेहरा लाल झाला. “कोणी लिहिलं हे?”

“मी,” पेर्सिदा म्हणाली.

“केव्हा?”

“आत्ता.”

“इथे काल म्हणतंय.”

“हो ना,” पेर्सिदा म्हणाली आणि फोनकडे बघत राहिली. कुठला विचार तिच्या डोक्यात शिरत होता ते मला तोंडावर दिसत होतं. बराच वेळ लागला त्याला, वाट अरुंद होती.

मग पुढच्या रांगेत लेपाताई उभी राहिली.

“त्रिपून, मार्चमध्ये त्या लेखात माझी गाठ कुठे होती?”

“ताई, सत्याला तारीख...”

“मी ती गाठ ऑगस्टमध्ये घराबाहेर एकट्या पेर्सिदाला सांगितली होती. पेर्सिदा, तू कुणाला सांगितलंस?”

पेर्सिदाने मान वर केली नाही. “फक्त याला. तुझ्यासाठी प्रार्थना कर म्हणाले होते.”

त्रिपून थांबला. पण या वेळी पुढे काय बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं, आणि तसं थांबलं की माणूस केवढा लहान दिसतो हे त्याच्या वर्गात कधी कुणी शिकवलं नसावं. तो म्हणाला, श्रद्धेचा अपमान झालाय. म्हणाला, मी कोर्टात जाईन. त्याचा माईक कुणी बंद केला ते मला ठाऊक आहे, सांगणार नाही. तो मागच्या दाराने गेला. त्याला कुणी हात लावला नाही. माझे हात शिवशिवत होते, पण विश्न्याने माझी बाही धरून ठेवली होती.

घरी आल्यावर लेपाताईने काढ्याची बाटली फडताळातून काढली. मग लेकीला म्हणाली, “मार्चमध्ये त्यात माझ्याबद्दल काहीच नव्हतं?”

“नव्हतं, आई. कोबीच्या रसाचे फायदे असतील बहुतेक.”

“कुणीतरी आधीच बघून ठेवलंय असं वाटलं होतं मला. म्हणून भीती वाटेनाशी झाली होती.” तिने काढ्याची बाटली मोरीत रिकामी केली. “आता वाटतेय.”

“मला पण वाटतेय,” विश्न्या म्हणाली आणि कपाटावरची बॅग काढायला स्टुलावर चढली.

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ वाईट होती. निघाली. पुढचे उपचार चालू आहेत, केस गेलेत, आणि डोक्याला रुमाल बांधून ती परवा माझ्याशी टोमॅटोच्या भावावरून भांडली.

गावातले काहीजण अजून म्हणतात, पोरीने दाखवलं ते खरं, पण त्रिपूनकडेही काहीतरी होतंच. काहीतरी होतं ना. तुमचा आळस होता. चारशे माणसांनी एक लेख पुढे ढकलला आणि त्यातल्या एकाने, अगदी एकाने, तो फेब्रुवारीत वाचला असता, तर पुलाचा कठडा पडल्यावर त्याने उठून म्हटलं असतं, हे वाक्य इथे नव्हतं. खेळ तिथेच खलास झाला असता. त्रिपूनला ना देवाची गरज लागली ना भुताची. आपण वाचत नाही एवढं त्याला माहीत होतं, आणि तेवढ्यावर त्याने माझ्या बहिणीचा जीव पणाला लावला.

तेव्हा माझं एक साधं मागणं आहे. जे वाचलं नाही ते पुढे ढकलू नका. शेजारीण रुसली तर रुसू द्या. आणि कुणी म्हणालं की मी आधीच सांगितलं होतं, तर त्याला विचारा: तेव्हाचं दाखव, आणि जिथे तुझा हात पोचत नाही अशा जागी ठेवलेलं दाखव. ते दाखवता आलं नाही, तर पुढचं ऐकायला थांबू नका. डॉक्टरची वेळ घेतलेली असेल, तर तिकडे जा.