नेरिडाच्या हातचा दुसरा गिअर

दुसरा गिअर पुन्हा किंचाळला आणि शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याने, लिंडसेने, डोळे गच्च मिटले. "हळू गं बाई! गाडी आहे ती, हट्टी मेंढी नव्हे."

"हळूच टाकतेय."

"म्हणे हळूच! नाचता येईना, अंगण वाकडं."

नेरिडाने गाडी कशीबशी शेडमध्ये आणली. इंजिन पाठीत असलेली ही दोन माणसांची लाल गाडी लिंडसेने तीस वर्षं चालवली होती. गेल्या हिवाळ्यात त्याला झटका आला आणि डावा हात लुळा पडला, म्हणजे गिअरचाच हात गेला. मग त्याने जाहीर करून टाकलं, "तुला जमली तर ठेवू, नाहीतर विकू." तीन आठवडे झाले तरी दुसरा गिअर काही जमेना. आज दुपारी चारला होबार्टहून टोबी नावाचा दंतवैद्य गाडी बघायला यायचा होता.

नेरिडाला गाडीचं फार कौतुक होतं असं नाही. पण रविवारी जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळी डोंगरात जायची, वर पोचून थर्मासमधला चहा प्यायची, आणि या गाडीत बसला की लिंडसे मोठमोठ्याने हसायचा. आजारपणानंतर तो कुठेच हसत नव्हता. ती गाडी जाऊ द्यायची तिची अजिबात तयारी नव्हती.

इंजिन बंद करून ती तशीच बसून राहिली आणि सावकाश दुसरा गिअर टाकून पाहिला. दांडा मागे आला आणि तिचं कोपर सीटच्या पाठीवर टेकलं. हात तिथेच अडला. दांडा मात्र अजून बोटभर मागे जायचा बाकी होता.

"लिंडसे, तुझी सीट केवढी मागे असायची रे?"

"पार शेवटच्या खाचेत. सव्वासहा फुटांचा माणूस काय मांडी घालून बसणार होता?"

"आणि माझी पार पुढे आहे. दांडा तुझ्या हाताला लावलाय, माझ्या नाही."

दांड्यापासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत गाडीच्या पोटाखालून एक लांब सळई जाते. मधला क्लॅम्प सैल केला की दांडा पुढे किंवा मागे बसवता येतो, पण एकाने वर दांडा धरायचा आणि दुसऱ्याने खाली पाना फिरवायचा. या घरात वर लिंडसे असायचा आणि खाली नेरिडा, कारण एवढा मोठा माणूस गाडीखाली मावायचाच नाही. सळईवर आणि क्लॅम्पवर पिवळ्या रंगाची रेघ होती. दरवेळी रेघेला रेघ जुळवून नेरिडा आवळायची आणि त्याचा तिला अभिमानही होता. गेले तीन आठवडे दुसरा गिअर बसेना, पण ती रेघ हलवायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तिने गाडी उचलली, खाली स्टँड लावले, आत शिरून क्लॅम्प सैल केला. मग वर येऊन आपल्या सीटवर बसली आणि न्यूट्रलमधला दांडा दोन बोटं पुढे सरकवला.

"इथे धर. उजव्या हाताने. हलवू नकोस."

"धरला. तू जा."

खाली गेली तर रेघेला रेघ जुळलेली.

"तू ओढलास!"

"नाही."

"लिंडसे पॅस्को, मी सळईकडे बघतेय!"

नेरिडा सरपटत बाहेर आली. केसांत ग्रीस, हातात पाना. "जित्याची खोड," ती म्हणाली, पण त्याचा चेहरा पाहून तिने पाना खाली ठेवला.

"मुद्दाम नाही ओढला," तो म्हणाला. "हाताला जागा ठाऊक आहे गं. तिथून हलला, की मग ती माझी गाडी राहिली नाही."

नेरिडाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, पँटला काळा पंजा उमटला तरी काढला नाही. "मग माझी होऊ दे. तू बसशील ना माझ्या गाडीत?"

लिंडसेने स्वतःच दांडा पुढे सारला. "एवढाच ना? की अजून?"

"थोडा मागे. बास."

"जा आता. मुंगीएवढाही हलणार नाही."

तिने क्लॅम्प आवळला. वर येऊन पहिला आणि तिसरा गिअर समोर कुठे आपटत नाहीत ना ते पाहिलं, स्टँड काढले आणि दोघं चढाच्या रस्त्याला लागले.

लिंडसे शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल तक्रार करत होता. तार सैल, खांब तिरका, त्या माणसाला कसली म्हणून लाज नाही. वळण गेलं, दुसरं गेलं, मग तो बोलता बोलता एकदम थांबला.

"तू दुसरा कधी टाकलास?"

"दोनदा टाकून झाला."

तो हसायला लागला. खिडकीवर थापा मारत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि नेरिडाला रस्ता नीट दिसेना.

परतले तेव्हा फाटकापाशी टोबी उभा होता. गाडीभोवती फिरून तो लिंडसेच्या खिडकीशी वाकला. "सुरेख आहे हो! बोला, काय म्हणता?"

"मी काय म्हणणार?" लिंडसे म्हणाला. "मी इथे नुसता बसायला असतो. मालकीण पलीकडे आहे, तिला विचार."