खांबाचा रस

परसात पाण्याच्या टाकीमागे केळीचे चौदा खांब होते. पाच तोडलेले, नऊ उभे. घरात मात्र केळं एकही नव्हतं. ललितच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हाच डॉक्टरांनी केळं बंद केलं होतं. त्या दिवसापासून त्याच्या आईने, भिकुबाईने, केळ्याचं सालही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

"बाग आपली, अन् उपास बी आपलाच," ललित हसायचा.

महिन्यापूर्वी एका सकाळी त्याचे पाय हलेनात. नंदुरबारला नेलं, डायलिसिस झालं, आणि संध्याकाळी तो आपल्या पायांनी जिना उतरला. रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं. कशाने, ते कुणालाच उमगेना.

"केळी खाल्ली? नारळपाणी?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"नाही," त्याची बायको स्वप्नाली ठामपणे म्हणाली होती. ते खरंच होतं.

आज पाय गेले, पाठोपाठ हातही. नंदुरबारच्या दवाखान्यात खाटेवर पडून तो नुसते डोळे फिरवत होता. मशीन जोडेपर्यंत भिकुबाईने पिशवीतून स्टीलची बाटली काढली.

"डॉक्टरसाहेब, एवढा पाजू का? सकायना ऱ्हाई गया."

"काय आहे हे?"

"केळना खांबना रस. मुतखडावर आम्हनाकडे हाऊच देतस. मांगे पाय गयात ना, तेना आठ दिन पहिले एक वाटी सुरू करेल व्हती. पाय परत उनात, मंग दोन वाट्या दी ऱ्हायनू."

डॉक्टरांनी बाटली काढून घेतली. ते रागावले नाहीत. "मावशी, केळ्यात जे असतं तेच खांबातही असतं. पाय त्यानेच गेले. परत आणले ते मशीनने."

भिकुबाईने सुनेकडे पाहिलं. रस गाळायचं फडकं रोज स्वप्नालीच धूत होती. ती भिंतीकडे बघत राहिली.

संध्याकाळी ललितची बोटं हलली, मग गुडघा.

"माय, घोटभर पाणी दे."

भिकुबाईने पेला भरला. खाटेपाशी आली, थबकली, आणि पेला सुनेच्या हाती दिला.

"तू पाज. मन्हा हातनं नको."

"माय," ललितने पुन्हा हाक मारली. ती बाहेर बाकावर जाऊन बसली होती.

नर्सने रिपोर्ट आणला. पोटॅशियम सकाळी ८.२, आता ४.६.