उपग्रहाची दृष्ट

माझ्या धाकट्या जावेचा, शालूचा पोरगा बाजीराव बंगलोरला फिटर हाय. आपल्या देशाचा पयला उपग्रह जिथं बांधला, तिथंच. तो उपग्रह आभाळात गेला आन् हितं कुरवंड्यात शालूचे पाय जमिनीला टेकंनात. रोज सांजच्याला अंगणात हुभी ऱ्हाऊन कोणचीबी चांदणी दाखवायची आन् म्हनायची, ह्यो आमच्या बाजीचा. माझा पोरगा कोंडाजी लोणावळ्याच्या ठेसनात चिक्की इकतो. ती काय आभाळात दिसत न्हाई. जळायची मी, लय जळायची. का जळू नये?

मग देहूरोडच्या लष्कराच्या डेपोतला आमच्या गावचा सोपान सुट्टीला आला. त्यानं सांगितलं, मोठ्या देशांनी दुसऱ्याचा उपग्रह वरच्या वर फोडायची इद्या काढलीय. शालूच्या तोंडचं पानीच पळालं. बाजीच्या हातचं काम, त्याची वर राखण कोन करनार? मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दुसऱ्या दिशी बघते तर ही माझ्या उंबऱ्याम्होरली, माझ्या पावलाखालची माती चिमटीत घेतीया. जिची नजर लागली तिच्याच पायाची माती दृष्ट काढायला लागती, हे पोराटोरालाबी ठावं.

"शाले, फोडनारे तिकडं आन् माती माझी व्हय?"

"त्यांची कुटनं आनू, आक्का?" ती म्हनली. "जळनारं मानूस मला एकच ठावं."

सांजच्याला आळीतल्या बाया तिच्या घरी जमल्या. शालूनं मीठ, मिरच्या आन् माझी माती आभाळाकडं ओवाळून चुलीत टाकली. मिरचीचा ठसका उठला तर नजर न्हाई. न्हाई उठला तर नजर लागली, आन् ती माझी. मग बारशाला माझ्या हातात पोर कोन देनार?

मिरच्यांचा कोळसा झाला. ठसका न्हाई. सरूबाईनं माझ्याकडं बघितलं, मग समद्यांनीच. मी पदर तोंडाला लावून खोकले. एकटीच.

शालू माझ्याकडं बघत ऱ्हायली. मग तीबी खोकाय लागली. अशी खोकली, की डोळ्यांतनं पानी काढलं.

"लय ठसका सुटलाय गं," म्हनली, "दार उघडा कुनीतरी."

तवा बाकीच्याबी खोकल्या.

घरी येऊन उंबऱ्यावर बसले आन् रडले. पोरगा तिचा वरचढ व्हताच, आता मनबी तिचंच मोठं निघालं. मेलीनं मला धड जळायलाबी जागा ठेवली न्हाई.